मास्तरांचा सहाचा डाव

१

पोलीस आले, डॉक्टर आले, शेजारपाजारचे दारातून माना खुपसून गेले, तरी जावयाने हातातला डबा खाली ठेवला नव्हता.

"आधी तो डबा ठेवा कुठेतरी," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "सासरे काही आता जेवायचे नाहीत."

बाईंची जीभ अशीच होती. पण जावई खुळ्यासारखा बघत राहिला, तेव्हा त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी डबा स्वतःच घेऊन खिडकीत ठेवला.

मास्तर खुर्चीत होते. मान कलंडलेली, चष्मा एका कानावर लोंबकळत होता. पायाशी एक उशी पडली होती. निम्म्या शहराने या माणसाकडून बुद्धिबळ शिकलं होतं आणि उरलेलं निम्मं तशा थापा मारत असे. तारुण्यात त्यांना हरवणं म्हणजे भिंतीला धडक देणं, असं जुने खेळाडू सांगायचे. आता त्यांच्या ओठांना उशीचे धागे चिकटले होते.

"झोपेत गेले म्हणणाऱ्यांना घरी पाठवा," डॉक्टर म्हणाले. "तोंड दाबलंय."

खोलीत जीव नकोसा व्हावा इतकं उकडत होतं. खिडक्या बंद, हीटर पूर्ण पेटलेला. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. खुर्चीपुढच्या बुटक्या मेजावर लाकडी पट होता आणि त्यावर सगळी मोहरी नव्या डावासाठी मांडून ठेवली होती.

"बाई, हे घोडे बघा," हवालदार म्हणाला. "पुढे बघायचं सोडून एकमेकांकडे तोंड करून उभेत. रुसवा काढतायत वाटतं."

"तुमचा विनोद पंचनाम्यात लिहू का?"

बाई जावयाकडे वळल्या. तो भूगोलाचा शिक्षक होता. रोज संध्याकाळी शाळा सुटली की घरून डबा घ्यायचा आणि इथे आणून द्यायचा, हा त्याचा नेम होता. मास्तरांच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असे.

"आठच्या सुमाराला आलो," तो म्हणाला. "मला वाटलं डुलकी लागली. हात हलवायला गेलो तर बोटं वळेनात. ताठ झाली होती. ते बऱ्याच आधी गेले होते, बाई."

डॉक्टरांनी मान हलवली. "इतक्या उष्णतेत शरीर लवकर ताठरतं. त्यावरून काही ठरत नाही. दुपारपासून आठपर्यंत कधीही म्हणता येईल."

तेवढ्यात हवालदाराने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. मास्तरांच्या खात्यावर संध्याकाळी सहाला एक डाव सुरू झाला होता आणि सातला संपला होता. मास्तर जिंकले होते.

"मग झालं की," डॉक्टर म्हणाले. "सातपर्यंत खेळत होते म्हणजे सातपर्यंत जिवंत होते. मी सात ते आठ लिहितो."

तासाभरात माणूस गेला आणि त्याच तासात किल्ली घेऊन येणारा एकच होता. बाईंनी जावयाकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं होतं, कारण तो खिडकीतला डबा पुन्हा हातात घ्यायला निघाला होता.

२

मास्तरांची मुलगी स्वयंपाकघरात बसली होती. रडून झालं होतं. आता ती हिशोबी माणसासारखी बोलत होती आणि ते रडण्याहून वाईट होतं.

"सकाळी मी बाबांकडे कपडे द्यायला गेले होते. हाही होता, माझा नवरा. दोघांचं जोरात भांडण चाललं होतं. बाबा म्हणत होते, ते धाकटे बंद कर, आजच्या आज बंद कर, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

"धाकटे कोण?"

"माणूस नाही." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "बाबांच्या सगळ्या स्पर्धांचे डाव घालून एका कंपनीने मशीन तयार केलंय. ते हुबेहूब बाबांसारखं खेळतं. मुलांनी त्याच्याशी खेळून शिकायचं, अशी कल्पना होती. बाबाच कौतुकाने म्हणायचे, हे आमचे धाकटे बंधू. कंपनीची ओळख ह्यानेच करून दिली होती, सह्याही ह्यानेच करवून घेतल्या. म्हणून बाबा ह्याच्यावर चिडले होते."

"एकाएकी का?"

"नाही सांगितलं. सकाळी पठ्ठ्याचा डाव मांडून बसले होते, अजिंक्यपदाचा शेवटचा. नाश्त्याकडे बघितलंही नाही."

पठ्ठ्या म्हणजे मास्तरांचा लाडका शिष्य. गेल्याच महिन्यात तो देशाचा अजिंक्यवीर झाला होता आणि मास्तरांनी पेढे वाटावेत तसा तो फोटो सगळ्यांना वाटला होता.

"संध्याकाळी वडिलांशी बोललात?"

"बोलले नाही. पण ते होते. सहा वाजता ते अक्काआत्याशी खेळतात, रोज. आत्या शुश्रूषागृहात असते, अंथरुणालाच खिळलीय. ते खेळायला बसले की माझ्या मोबाईलवर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. तो दिसला की मला बरं वाटतं. मग फोन करायची गरज पडत नाही."

"डाव पाहिलात?"

"नाही. ठिपका पाहिला."

"आणि तुमचे यजमान? ते म्हणतात, आले तेव्हा मास्तर कधीचेच गेले होते."

"कसे गेले असतील? ठिपका होता ना! मी स्वतः पाहिलाय." तिचा आवाज चढला. "सातपर्यंत होता. तो खोटं बोलतोय. खोटं का बोलतोय तो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "त्यानेच केलं असेल," ती म्हणाली.

बाईंच्या मागे काहीतरी वाजलं. जावई दारात उभा होता, हवालदाराबरोबर. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो बायकोकडे बघत राहिला. तिने मान वर केली नाही. मग तो खाली वाकला आणि हवालदाराने काही म्हणायच्या आतच चौकीवर जायला बूट घालायला लागला.

३

धाकटे बनवणाऱ्या इंजिनिअरचं ऑफिस काचेचं होतं. बसायला जागा होती, पण लपायला नव्हती. आदल्या दिवशी सकाळपासून तो निघेपर्यंत त्याला चाळीसेक लोकांनी पाहिलं होतं.

"काल दुपारी मास्तरांचा फोन आला होता," तो म्हणाला. डोळे सुजले होते. "म्हणाले, उद्या सकाळी ये. तुझ्या धाकट्याने चोरी केलीय. मला वाटलं, गंमत करतायत. त्यांची गंमत अशीच असायची, कोरडी."

"मशीन चोरी करतं?"

"मशीनला सांगाल ते करतं, बाई. चोरीच काय, पूजाही करेल."

"मशीन तुमच्याशिवाय कोण वापरतं?"

"पठ्ठ्या. वर्षभर त्यानेच तपासलं. कुठे मास्तरांसारखं खेळत नाही ते शोधायचं काम त्याचं. त्याला मास्तरांचे सगळे डाव तोंडपाठ. शिवाय मास्तरांच्या घरच्या कॉम्प्युटरवरही ते होतं. जावईबापूंना चालू-बंद करता येतं."

"म्हणजे मास्तरांचे सगळे डाव त्यात आहेत?"

इंजिनिअरने चष्मा काढून पुसला. "रोजचा एक सोडून. संध्याकाळचे नाहीत. बहिणीबरोबरचे. मी हात जोडले होते त्यांच्यापुढे, रोजचा ताजा डाव हो, सोन्यासारखा. तर म्हणाले, त्यात शिकण्यासारखं काही नाही, तो विषय पुन्हा काढू नकोस. मी नाही काढला. कुणाला बोललोही नाही."

तिथून बाई क्लबच्या हॉलवर गेल्या. पठ्ठ्या वर्ग घेत होता. मास्तर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग घेतो म्हणून बाईंना राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून तो निम्मा उतरला. माणूस उभाच पेंगत होता.

"घरी बसवेना," तो म्हणाला. "पोरं आली होती, म्हटलं पट मांडू."

"काल कुठे होतात?"

"इथेच. पाचपासून. एका वेळी सगळ्यांशी खेळायचा कार्यक्रम होता, आईबाप बघायला आले होते. साडेनऊला सुटलो."

"पाचच्या आधी?"

"घरी. झोपलो होतो." त्याने एका पटावर पांढरी मोहरी लावायला घेतली. हात सवयीने चालत होता, नजर दुसरीकडे. "मास्तरांना भेटून आठवडा झाला असेल. खरं सांगू? ते गेलेत असं वाटतच नाही मला."

"तुमचा शेवटचा डाव ते काल सकाळी बघत होते."

पठ्ठ्याचा हात थांबला. मग त्याने शेवटचं प्यादं जागेवर ठेवलं. "कौतुक होतं त्यांना माझं."

बाईंचं लक्ष पटाकडे गेलं. दोन्ही पांढरे घोडे पुढे बघत नव्हते. आत, एकमेकांकडे तोंड करून उभे होते. शेजारच्या पटावरही तसेच. त्याच्या पलीकडच्याही. मुलांनी लावलेले काळे घोडे मात्र वाटेल तसे उभे होते.

बाईंनी पटावरून नजर काढली. घोड्याच्या तोंडावरून माणूस फासावर जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि सातपर्यंत खेळणाऱ्या मास्तरांना पाचपासून हॉलमध्ये असलेल्या माणसाने मारायचं तरी कसं?

मोबाईल वाजला. शुश्रूषागृहातून फोन होता.

"मॅडम, त्या मास्तरांच्या बहिणीबद्दल," पलीकडची सिस्टर म्हणाली. "कालपासून जेवत नाहीयेत. भाऊ गेल्याचं अजून आम्ही सांगितलेलं नाही, त्यांच्या भाचीने सांगू नका म्हटलंय. पण त्या एकच घोकतायत. काल खेळला तो माझा भाऊ नव्हता, म्हणतात."

४

अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. पांढरा पातळ अंबाडा, गुडघ्यांवर टॅबलेट, पडदा काळा.

"त्यांचं काही मनावर घेऊ नका," सिस्टर दारातच कुजबुजली. "आज वार कोणता ते आठवत नाही. जेवल्या तरी विसरतात."

"बुद्धिबळ?"

"ते नाही विसरत. मागच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांना घाम फोडला."

बाईंनी सिस्टरला चहा करायला पिटाळलं आणि खुर्ची ओढली. "अक्का, काल काय झालं?"

"तू कोण?"

"पोलीस."

"बरं झालं. कुणीतरी आलं." अक्का पुढे झुकल्या. "तुला खेळता येतं?"

"घोडा कसा चालतो तेवढं येतं."

"मग ऐक नीट. माझा भाऊ, बाळ, लहानपणी तापाने घरी असायचा तेव्हा त्याला मी शिकवलं. पुढे तो मोठा झाला, बक्षिसं आणली, मला हरवायचं कधी सोडलं नाही. पंचवीस वर्षं सतत हरवलं. लबाडी त्याच्या रक्तातच नाही, कुणाला उगीच एक प्यादं दिलं नाही त्याने. मग मी इथे आले. आणि बाळ हरायला लागला."

"मुद्दाम?"

"मग काय आपोआप? दोन वर्षं हरतोय. रोज नवी तऱ्हा. कधी घोडा उगीच मागे नेतो, कधी हत्ती एक घर कमी चालवतो. इतकं बेमालूम की तुमच्या त्या अजिंक्यवीरांनाही कळणार नाही. जिंकायला त्याला मी शिकवलं. हरायला तो आपला आपण शिकला."

"तुम्हाला कळतं, हे त्याला ठाऊक आहे?"

"छे! कळलं तर बंद करेल ना. मी आपली जिंकल्यावर चिडवते त्याला. म्हातारा झालास म्हणते. तेवढंच त्याला बरं वाटतं."

बाईंनी टॅबलेटच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"काल माझा हात थरथरला," अक्का म्हणाल्या. "बोट भलत्याच घरावर पडलं, वजीर उघडा राहिला. असं झालं की बाळ दुसरीकडे बघतो, पाहिलंच नाही असं करतो. काल वजीर झटकन खाल्ला. मग एकेक करून सगळं खाल्लं. राजा कोपऱ्यात घालून मारला. मी खाली लिहिलं, बाळ, रागावलास का? उत्तर नाही." त्यांची हनुवटी हलायला लागली. "आधी वाटलं, रागावलाच. माझं काही चुकलं असेल. मग वाटलं, रागावला असता तर आलाच नसता. पण वजीर नसता खाल्ला. तो बाळ नव्हता."

बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. अक्का आवाज लांब जाईपर्यंत थांबल्या.

"तो मेलाय ना?"

बाईंनी आजवर ही बातमी किती दारांवर दिली होती, पण इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या.

"डावाच्या आधी की नंतर?"

"आधी," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच सगळा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उलटा फिरला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या खोलीत बाईंनी तिघांना बोलावलं होतं: मुलगी, इंजिनिअर आणि पठ्ठ्या. हीटर बंद होता. पट तसाच होता, कुणी हात लावला नव्हता.

"मला एकच विचारायचंय," बाई मुलीला म्हणाल्या. "तुमचे वडील हीटर लावायचे?"

"नाही. डोकं जड होतं म्हणायचे. शाल घेऊन बसायचे."

"आणि हे घोडे?"

मुलगी मेजाजवळ गेली. आधी तिला काही दिसेना, मग एकदम दिसलं. "बाबा घोडे समोर लावायचे. वाकडा लावला तर आम्हाला हातावर चापट बसायची. आणि पट असा कोरा कधीच नसे. अर्धा डाव असायचाच त्याच्यावर."

"म्हणजे कुणीतरी अर्धा डाव मोडला आणि पट मांडून ठेवला. मोडला, कारण तो कुणाला दिसायला नको होता. मांडून ठेवला, कारण हाताला राहवेना. तुमच्या-आमच्यासारखा असता तर मोहरी पेटीत कोंबून मोकळा झाला असता."

पठ्ठ्या खिडकीकडे बघत होता.

"आता सहाचा डाव," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे त्या डावाच्या नादी लागलो. डॉक्टर लागले, मी लागले. तुम्हीही लागलात." मुलीने खाली पाहिलं. "एक माणूस ऊर फोडून सांगत होता, बोटं ताठ झाली होती, ते कधीचेच गेले होते. पण कॉम्प्युटर म्हणाला सात, म्हणून तो खोटा ठरला. डाव मास्तर खेळले नाहीत. धाकटे खेळले. खून दुपारी झाला. खुन्याने हीटर लावला, वेळेचा गोंधळ व्हावा म्हणून. मशीन मास्तरांच्या खात्याला जोडलं, सहाला अक्का आल्या की खेळायला लागेल असं. आणि निघून गेला, चारचौघांत दिसायला."

"जावईबापू?" इंजिनिअर म्हणाला.

"सकाळचं भांडण झाल्यावर ते सातपर्यंत शाळेत होते, अख्खी शाळा साक्षीला आहे. सातनंतरचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. तुम्हीही दिवसभर तुमच्या काचेच्या पेटीत होतात. आणि तुम्ही असतात तरी हे केलं नसतं. तुम्हाला ठाऊक होतं, संध्याकाळच्या डावांत काहीतरी वेगळं आहे, मास्तर ते कुणाला दाखवत नाहीत. धाकट्याला ते ठाऊक नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? मशीन कुणाला चालवता येतं, पाचच्या आधी एकटा कोण होता आणि मास्तर अक्काशी कसे खेळतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं विचारलं की एकच नाव उरतं."

"कसे खेळायचे?" पठ्ठ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मास्तर सगळ्यांशी सारखेच खेळायचे."

"हरायचे."

"काय?"

"अक्काशी रोज मुद्दाम हरायचे. दोन वर्षं."

"शक्य नाही." पठ्ठ्या मागे सरकला. "तुम्हाला कुणीतरी काहीबाही सांगितलंय. मला त्यांचे सगळे डाव पाठ आहेत. एकही चाल त्यांनी हरायला केलेली नाही. मास्तर? मुद्दाम?"

"याच्या अजिंक्यपदाचे डाव," बाई इंजिनिअरकडे वळल्या, "मी काल तुम्हाला धाकट्याबरोबर ताडून बघायला सांगितले होते."

इंजिनिअरने मान खाली घातली. "तंतोतंत," तो म्हणाला. "अवघड वळण आलं की प्रत्येक वेळी धाकट्याचीच चाल. मोठी मशीनं वापरली असती तर स्पर्धेवाल्यांनी पकडला असता, ती माणसासारखी खेळतच नाहीत. धाकटे माणसासारखं खेळतं. कुणाला संशय येणं शक्य नव्हतं."

"एक सोडून," बाई म्हणाल्या. "ज्याचं ते होतं तो. त्याने पट मांडला आणि शिष्याच्या डावात त्याला आपलाच हात दिसला."

पठ्ठ्या खुर्चीत बसायला गेला, ती कुणाची खुर्ची ते लक्षात आलं आणि जमिनीवर बसला.

"ओरडले नाहीत," तो म्हणाला. "ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तू स्वतः उद्या जाऊन सांग, मी तुझ्याबरोबर येतो. हात धरून नेतो म्हणाले. मला दिसलं सगळं, वर्तमानपत्रं, पोरं, पोरांचे आईबाप. मी नाही म्हणालो. ते पटाकडे वळले, पुढची चाल दाखवायला. ही तुझी नाही, म्हणाले, ही पण तुझी नाही. थांबेचनात. मला फक्त ते थांबायला हवे होते."

मुलीने तोंडावर हात घेतला.

"कार्यक्रमात मधूनमधून मी मोबाईलवर धाकट्याला बघत होतो," पठ्ठ्या म्हणाला. "डाव चालला होता. काय खेळत होते! वजीर घेतला, मग हत्ती घेतला, एकसुद्धा चाल ढिली नाही. तुम्हाला खोटं वाटेल, मला वाटलं, काही झालंच नाहीये. मास्तर आहेतच."

हवालदाराने त्याला दंडाला धरून उठवलं. दाराशी जाऊन तो वळला.

"खरंच हरायचे?" त्याने विचारलं.

६

जावयाला सोडलं तेव्हा दुपार टळली होती. मुलगी चौकीच्या फाटकाशी उभी होती. बाई अक्कांचा टॅबलेट परत द्यायला निघाल्या होत्या, त्यांना ते सगळं बघावं लागलं.

"चल," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. दाढी वाढली होती, शर्ट तोच होता. "तू मला विचारलंच नाहीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं. "एकदा तरी विचारायचंस. मी सांगितलं असतं."

"ठिपका होता रे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता बाईंकडे वळला. "अक्कांना कुणी सांगितलं?"

"मी. आता तिकडेच चाललेय."

"मग मी येतो. एकट्या असतील." तो पुढे चालायला लागला. ती मागून आली. गाडीत तो पुढे बसला.

अक्कांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि त्याचा हात हातात धरून ठेवला. मग खोलीतला उजेड बदलायला लागला तशा त्या अस्वस्थ झाल्या. उगाच पांघरूण चाचपायला लागल्या. सहा वाजत आले होते. टॅबलेट समोरच होता, पण त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"अक्का," जावई म्हणाला, "हिला येतं चांगलं. बाबांनी शिकवलंय." त्याने बायकोला खुर्ची रिकामी करून दिली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

मुलीने कपाटातला जुना लाकडी पट काढला. मोहरी मांडली. दोघी खेळू लागल्या. बाई निघायचं म्हणत दारातच रेंगाळल्या. त्यांना डावातलं फारसं कळत नव्हतं, पण थोड्या वेळाने मुलीने आपला हत्ती नेऊन अक्कांच्या प्याद्याच्या तोंडी ठेवला, तेव्हा तो आयता दिलाय हे त्यांनासुद्धा समजलं.

अक्कांनी हत्तीकडे पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती पुसत नव्हती.

"असा नाही गं, पोरी," अक्का हळूच म्हणाल्या. "इतकं उघड नाही हरायचं. माणसाला कळतं."

त्यांनी हत्ती उचलला आणि तिच्या हातात परत दिला. "बाळालाही सुरुवातीला जमायचं नाही. घे. नीट विचार कर आणि मग खेळ."

तिने हत्ती मुठीत धरला आणि पटाकडे बघत बसली. बाई बाहेर आल्या. जावई बाकावरच होता, भिंतीला डोकं टेकून. त्याला घरी सोडू का, असं त्यांनी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तिचा डाव होऊ दे."